विश्लेषण : माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? आधी त्यातली मराठी बाहेर काढा!

तेल्हारा : दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरून पितळेची जुनी भांडी खाली येतात आणि त्यांच्या मागोमाग बंद पडलेला कॉम्प्युटरही. भांडी घासूनपुसून परत वर जातात. कॉम्प्युटर मात्र भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो, तोही किलोच्या भावाने.

जगात हजारो लोक नेमके हेच डबे शोधत फिरतात, दुरुस्त करतात, जपून ठेवतात. या छंदाला रेट्रो किंवा व्हिंटेज कॉम्प्युटिंग म्हणतात. तेल्हारा, अकोट, हिवरखेडसारख्या गावांत असे छंद कोण करणार, असं तुम्हाला वाटेल. पण जुना कॉम्प्युटर जपण्याचं आपल्याकडे एक वेगळं आणि जास्त निकडीचं कारण आहे. ते म्हणजे त्यात अडकलेला मराठी मजकूर. कसं, ते समजून घेऊया.

व्हिंटेज कॉम्प्युटर म्हणजे नेमका कोणता?

याची सर्वमान्य व्याख्या नाही. साधारण वीस वर्षांपेक्षा जुनं यंत्र छांदिष्ट मंडळी या यादीत धरतात. आपल्याकडे सापडू शकणाऱ्या यंत्रांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिला गट १९८० च्या दशकातल्या घरगुती आणि शाळेतल्या कॉम्प्युटरचा. कीबोर्डच्या आतच सगळा कॉम्प्युटर, पडदा म्हणून टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला गाण्याची असते तशीच कॅसेट. बीबीसी मायक्रो, झेडएक्स स्पेक्ट्रम ही यातली गाजलेली नावं. बीबीसी मायक्रोच्या बी मॉडेलची मेमरी होती अवघी ३२ किलोबाइट. व्हॉट्सॲपवर येणारा साधा फोटोही आज त्याहून मोठा असतो.

दुसरा गट ३८६ आणि ४८६ प्रोसेसरच्या पीसींचा. काळा पडदा, त्यावर डॉस आणि सोबत वर्डस्टार, लोटस, डीबेस.

तिसरा गट पेन्टियमपासून पेन्टियम ४ पर्यंतचा. मागे पोट सुटलेला मॉनिटर, पांढरट कॅबिनेट, विंडोज ९८ किंवा एक्सपी. तालुक्याच्या गावात माळ्यावर जे सापडतं, ते बहुतेक वेळा या तिसऱ्या गटातलं.

हे कॉम्प्युटर आपल्यापर्यंत आले कसे?

भारतात विकसित झालेला पहिला कॉम्प्युटर मुंबईत, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये तयार झाला. त्याचं चाचणी यंत्र १९५६ मध्ये आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये सुरू झालं. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी कॉम्प्युटर आला आणि टिफ्रॅकचे दिवस संपले.

शाळांमध्ये कॉम्प्युटर आला तो १९८४ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या उपक्रमातून. सुरुवातीला देशातल्या २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो देण्यात आले. त्याच वर्षीच्या नव्या धोरणामुळे कॉम्प्युटरची आयात सोपी झाली आणि पीसी हळूहळू शहरांत दिसू लागले.

पुढच्या टप्प्याचा धागा थेट अकोला जिल्ह्याशी जुळतो. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. तिचं नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर मूळचे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. याच संस्थेने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानही पुढे नेलं, हे मात्र फारसं बोललं जात नाही. मूळ आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेलं हे तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपात मिळायचं. ते पीसीत बसवलं की इंग्रजीसाठी बनलेल्या डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटायची. जिस्ट कार्ड असलेला पीसी तुमच्या ओळखीच्या एखाद्या कार्यालयात धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात जाऊ देऊ नका.

तालुक्याच्या गावांपर्यंत मात्र कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने पोहोचला तो २००० नंतर. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीची केंद्रं गावोगाव निघाली. सरकारी नोकरीसाठी हा कोर्स लागायचा, त्यामुळे शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांनी माउस हातात धरला तो या केंद्रांवर. सोबतीला डीटीपीची दुकानं आणि फोटो स्टुडिओ होतेच. आज माळ्यावर पडलेले डबे बहुतांशी याच काळातले.

लोक हे जुने डबे गोळा का करतात?

पहिलं कारण आठवणी. ज्या यंत्रावर पहिला गेम खेळला, पहिला प्रोग्राम लिहिला, ते पुन्हा सुरू झालेलं पाहण्यात वेगळाच आनंद असतो.

दुसरं कारण शिकण्याचं. आजच्या मोबाइलच्या आत काय चाललंय, हे उघडून पाहता येत नाही. जुन्या कॉम्प्युटरचं तसं नसतं. माझ्या पिढीने इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये ८०८५ च्या किटवर हात साफ केला. हा प्रोसेसर १९७६ चा. तरी तो शिकवला जातो, कारण त्याची प्रत्येक पायरी कागदावर मांडता येते. जुना पीसीही असाच. रॅम काढली तर तो बीप वाजवून तक्रार करतो. किती बीप आणि किती लांब, यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं.

तिसरं कारण जतनाचं. अमेरिकेत १९९७ पासून व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल भरतो. ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारात आणि कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये कॉम्प्युटरची स्वतंत्र संग्रहालयं आहेत. ज्यांच्याकडे यंत्र नाही, ते एम्युलेटर वापरतात. म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर जुन्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. डॉसबॉक्स हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. इंटरनेट अर्काइव्हच्या साइटवर तर डॉसच्या काळातले हजारो गेम थेट ब्राउझरमध्ये चालतात.

जुन्या कॉम्प्युटरला लाखो रुपये मिळतात, हे खरं का?

एखाद्याला मिळतात, सगळ्यांना नाही. ॲपल-१ हे त्याचं ठळक उदाहरण. १९७६ मध्ये तो साधारण २०० नग तयार झाला आणि किंमत होती ६६६.६६ डॉलर. २०१४ च्या लिलावात त्यातल्या एका चालू यंत्राला ९ लाख ५ हजार डॉलर मिळाले. कारण साधं आहे, माल कमी आणि इतिहास मोठा. पेन्टियम ४ चे डबे जगभर कोट्यवधी निघाले. त्यांना संग्राहकांकडून असा भाव येत नाही.

‘कॉम्प्युटरमध्ये सोनं असतं’ हे अर्धसत्य आहे. प्रोसेसरच्या पिनांवर आणि कार्डांच्या कडांना सोन्याचा मुलामा असतो. पण ज्यांच्यात तुलनेने जास्त सोनं, त्या जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्येही ते एका ग्रॅमच्या आतच भरतं. ते काढायला तीव्र ॲसिड लागतं. त्याच्या वाफेने फुप्फुसं खराब होतात आणि उरलेलं पाणी जमिनीत मुरतं. घरी हा उद्योग अजिबात करू नका.

जुन्या टीव्हीत, रेडिओत लाखो रुपयांचा ‘रेड मर्क्युरी’ असतो, असे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. ही शुद्ध अफवा आहे. २००९ मध्ये सौदी अरेबियात शिलाई मशीनबाबत अशीच अफवा पसरली होती आणि लोकांनी जुन्या मशीन अव्वाच्या सव्वा भावाने घेतल्या होत्या. कोणी असा सौदा सांगत आला, तर ॲडव्हान्स देऊ नका आणि घेऊही नका.

मग आपल्या डब्यात मोलाचं काय आहे?

त्यातला मजकूर. साधारण १९९० ते २०१० या काळात वऱ्हाडातल्या गावागावांत मराठीत जे काही छापलं गेलं, त्यातलं बरंचसं डीटीपीच्या दुकानांत टाइप झालं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, गावातल्या कवीचा वऱ्हाडी कवितासंग्रह, साप्ताहिकाचे अंक, संस्थानाच्या उत्सवाची पत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, दिवाळी अंक. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या, पुरात गेल्या किंवा रद्दीत गेल्या. फाइल मात्र कुठल्यातरी हार्ड डिस्कवर किंवा फ्लॉपीवर शिल्लक असू शकते.

अडचण अशी की नवीन कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली, तरी वाचता येईलच असं नाही.

फाइल उघडली तरी वाचता का येत नाही?

आज आपण मोबाइलवर ‘क’ टाइप करतो तेव्हा त्याला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. या पद्धतीला युनिकोड म्हणतात. म्हणून तेल्हाऱ्यातून पाठवलेला मराठी मेसेज अमेरिकेतही मराठीच दिसतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण विंडोजमध्ये त्याचा आधार मिळायला विंडोज २००० उजाडावं लागलं. डीटीपीच्या दुकानांत तर त्यानंतरही अनेक वर्षं जुनेच फॉन्ट चालले.

हे जुने फॉन्ट एक युक्ती करायचे. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द कॉम्प्युटर ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं म्हणून साठवतो. फॉन्ट असला की ‘मराठी’ दिसतं. नसला की निरर्थक इंग्रजी. आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम आणि शिवाजी असे अनेक फॉन्ट चालले. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. म्हणजे एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

आणखी एक गाठ आहे. यातल्या अनेक सॉफ्टवेअरला डोंगल लागायचं, काही जण त्याला लॉक म्हणतात. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा तो छोटा ठोकळा. तो नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही आणि नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. पानं लावली जायची पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची आवृत्ती, पेजमेकर ७, २००१ ची. त्याच्या फाइल इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, पुढच्यांत नाही.

थोडक्यात, तो जुना कॉम्प्युटर, त्यातला फॉन्ट, पेजमेकर आणि मागचं डोंगल हा पूर्ण संच असतो. त्यातलं काहीही सुटं करून भंगारात गेलं, की उरलेल्याचा उपयोग निम्म्याहून कमी होतो.

माळ्यावरून काढला की लगेच सुरू करायचा का?

नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात. क्रम असा ठेवा.

१. आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोणती वायर कुठे आहे, मागे डोंगल आहे का, हे नोंदवा.

२. कॅबिनेट उघडा. धूळ मऊ ब्रशने काढा. पाली, झुरळं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आहेत का, पाहा.

३. मदरबोर्डवरचे कपॅसिटर तपासा. छोट्या डब्यांसारखे हे भाग वरून सपाट हवेत. फुगलेले किंवा गळालेले दिसले तर सुरू करू नका. १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक बोर्डांत सदोष कपॅसिटर होते. टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर ते बदलून देऊ शकतो.

४. ३८६, ४८६ च्या बोर्डवर निळी किंवा हिरवी गोल बॅटरी असते. ती गळते आणि बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. आधी ती कापून काढा. गळालेली जागा थोड्या व्हिनेगरने पुसून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. नंतरच्या बोर्डांत बटणासारखा सीआर २०३२ सेल असतो. तो सहज मिळतो.

५. एसएमपीएसच्या मागे लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, पाहा. ११५ वर असताना चालू केलं तर धूर निघालाच समजा. स्टॅबिलायझर असेल तर तो लावूनच सुरू करा.

६. मॉनिटर कधीही स्वतः उघडू नका. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ आत राहतो. एसएमपीएसच्या डब्याचंही तेच.

मजकूर बाहेर कसा काढायचा?

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे कॉम्प्युटर सुरू करण्याआधीच हार्ड डिस्क काढून घेणं. तेव्हाच्या डिस्कला रुंद पट्टीची केबल असते. तिला आयडीई म्हणतात. आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर ऑनलाइन मिळतो. तो लावून लॅपटॉपवर संपूर्ण डिस्कची कॉपी घ्या. डिस्क ‘टक टक’ असा आवाज करत असेल तर लगेच थांबा. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर उरलेलंही जातं. असं काम डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

कॉपी घेताना फक्त कागदपत्रांच्या फाइल घेऊ नका. फॉन्टचं फोल्डरही घ्या. फॉन्टशिवाय फाइल म्हणजे किल्लीशिवाय पेटी.

त्यानंतर कॉम्प्युटर चालू झालाच, तर त्यावरूनच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ किंवा किमान छापील प्रत काढा. पान जसं होतं तसं राहील. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलण्यासाठी कन्व्हर्टर वापरा. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएम यांच्यासाठी ते उपलब्ध आहेत. बदललेला मजकूर मात्र डोळ्यांखालून घालाच. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवला जायचा. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. त्यामुळे चुका नेमक्या तिथेच होतात. ‘अर्ज’, ‘विदर्भ’, ‘तालुका क्रिकेट समिती’ असे शब्द आधी तपासा.

फ्लॉपीचं काय?

सोनीने २०११ मध्ये जपानमध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली. पण साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारे यूएसबी ड्राइव्ह अजून मिळतात. सव्वापाच इंची मोठ्या, मऊ फ्लॉपीसाठी मात्र जुना ड्राइव्हच लागतो. म्हणून चालू फ्लॉपी ड्राइव्ह असलेला डबा शेजाऱ्याकडे असला, तरी तो राखून ठेवण्याजोगा आहे.

फ्लॉपी घालण्याआधी पत्र्याची पट्टी सरकवून आतली चकती पाहा. पांढरट डाग म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी घातली तर ड्राइव्हचं हेडही खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही जातात. कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. आणि विंडोजने ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर उत्तर एकच, नाही.

वऱ्हाडातल्या उन्हात हे जपायचं कसं?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा टिनाच्या पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. प्लास्टिक ठिसूळ होतं, रबराचे पट्टे चिकट होतात. पावसाळ्यात उलटं, ओल आणि बुरशी. म्हणून यंत्र माळ्यावरून काढून खालच्या खोलीत, भिंतीपासून थोडं दूर, फळीवर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत ओल धरते. सुती चादर पुरेशी आहे. फ्लॉपी स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. स्पीकरजवळ नको, त्यात लोहचुंबक असतो.

कॅबिनेट पिवळं पडलं असेल तर छांदिष्ट लोक त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. रंग बऱ्यापैकी परत येतो. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, पण हातमोजे आणि चष्मा विसरू नका.

आणि द्यायचाच असेल तर?

सगळंच ठेवायला कोणाकडे जागा नाही, हेही खरं. मजकूर काढून झाला आणि यंत्रात वेगळं काही नसेल, तर ते जरूर द्या. पण आधी हार्ड डिस्क काढून ठेवा किंवा पूर्ण पुसा. नुसतं डिलीट केल्याने फाइल जात नाही. सायबर कॅफे, फोटो स्टुडिओ आणि क्लासच्या डिस्कवर लोकांचे मार्कशीट, जातीचे दाखले, फोटो आणि सह्या असतात. ती डिस्क कोणाच्या हाती पडेल, ते सांगता येत नाही.

देताना नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला किंवा त्यांच्यासाठी गोळा करणाऱ्याला द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. ती फोडून नाल्यात टाकली की ते शिसं पाण्यात उतरू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या पाव भागाचीही रीतसर पुनर्वापर नोंद नाही.

सुरुवात कुठून करायची?

एका गावात एक संच पुरेसा आहे. चालू पेन्टियम, त्यात पेजमेकर, जुने फॉन्ट, डोंगल, फ्लॉपी ड्राइव्ह. तो गावातल्या वाचनालयात, शाळेत किंवा ज्यांनी हे काम वीस वर्षं केलं त्या डीटीपीवाल्या काकांकडे असू शकतो. कोणत्या फॉन्टमध्ये काय टाइप केलं आणि कोणत्या फोल्डरमध्ये ठेवलं, हे त्यांनाच आठवतं. जुन्या फाइलींची नावं ‘नवीन १’, ‘फायनल २’ अशीच असतात. त्यांतली कोणती गावच्या शाळेची स्मरणिका आणि कोणती लग्नपत्रिका, हे कोणताही कन्व्हर्टर सांगू शकत नाही.

त्यामुळे या दिवाळीत माळा साफ करताना डबा खाली आला, तर भंगारवाल्याला आठवडाभर थांबायला सांगा. तेवढ्यात फोटो काढा, डिस्कची कॉपी घ्या आणि ज्यांनी तो वापरला त्यांना फोन करून विचारा की त्यात काय काय होतं.